यष्टिरक्षकाची जागा : नाना जोशी यांची कारकीर्द

क्रिकेटच्या संघात अकरा गडी असतात, आणि त्यांपैकी दहा जणांची कामे थोडीफार एकमेकांना करता येतात. फलंदाज वेळप्रसंगी दोन षटके टाकतो; गोलंदाजाच्या बॅटीलाही कधी कधी धावा लागतात; क्षेत्ररक्षणात तर आज स्लिपमध्ये उभा राहणारा उद्या सीमेवर धावताना दिसतो. अकरावा मात्र या हिशेबात बसत नाही. यष्टीमागे उभे राहण्याची जागा एकच, आणि तेथे उभा राहणाराही एकच. फुटबॉलमध्ये गोलरक्षकाची जी स्थिती, तीच येथे यष्टिरक्षकाची. संघातील बाकीचे दहा जण उत्तम खेळले आणि त्याच्या हातून एक चेंडू निसटला, तर घरी जाताना लोक त्या एका चेंडूविषयी बोलतात. शिवाय त्याच्याइतकाच गुणी असा दुसरा यष्टिरक्षक त्याच काळात त्याच प्रांतात जन्मास आला असेल, तर दोघांपैकी एकाने आयुष्याची उमेदीची वर्षे तंबूत बसून काढायची, हे ठरलेलेच. त्यात पक्षपात असतोच असे नव्हे. जागाच एक, त्याला कोण काय करणार?

पद्मनाभ गोविंद जोशी, म्हणजेच क्रिकेटच्या जगातले नाना जोशी, हे अशा जागेचे उमेदवार होते. त्यांचा जन्म २७ ऑक्टोबर १९२६ रोजी बडोद्यास झाला. खेळले ते महाराष्ट्राच्या संघाकडून. भारतातर्फे ते बारा कसोटी सामने खेळले. पहिला १९५१ च्या नोव्हेंबरात दिल्लीस इंग्लंडविरुद्ध, आणि शेवटचा १९६० च्या डिसेंबरात मुंबईस पाकिस्तानविरुद्ध. या दोन सामन्यांच्या दरम्यान, तेही दोन सामने धरून, भारत अठ्ठेचाळीस कसोटी सामने खेळला. म्हणजे चारांत एक. उरलेल्या छत्तीस सामन्यांत यष्टीमागे दुसरे कोणी तरी होते. या छत्तीसांचा विचार केल्याशिवाय त्या बारांचा अर्थ नीट ध्यानात येणार नाही.

प्रथम हे काम कसले, ते पाहू. दिवसात शंभर षटके पडली असे धरले, तर यष्टिरक्षकाला सहाशे वेळा बसावे आणि उठावे लागते. जाणत्या माणसाची शिकवण अशी की, बॅट हलली म्हणून उठू नये, चेंडू उसळला म्हणून उठावे. जो आधी उठतो, त्याचे हात चेंडूच्या वर राहतात आणि चेंडू खालून जातो. हात चेंडूवर झडप घालणारे नसावेत. चेंडू येताना ते किंचित मागे सरकले पाहिजेत, नाही तर चामडे चामड्यावर आपटून बाहेर उडते. द्रुतगती गोलंदाजाला मागे उभे राहून घेणे त्या मानाने सुखाचे. खरी परीक्षा फिरकीच्या वेळी, यष्टीला खेटून उभे असताना. चेंडू उजव्या यष्टीबाहेर असेल तर तो निदान दिसतो. डाव्या यष्टीबाहेर गेला की फलंदाजाचे सगळे शरीर मध्ये येते. क्षणभर चेंडू नाहीसा होतो, आणि तो कोठून बाहेर पडेल याचा अंदाज बांधून हात आधीच तेथे न्यावे लागतात. एवढे करून फलंदाजाचा पाय रेषेबाहेर असतानाच बेल्स उडवायच्या. तो पाय परत येण्यास डोळ्याचे पाते लवण्याइतकाही वेळ लागत नाही. क्रिकेटचा नियमही येथे कडक आहे. चेंडू बॅटीला किंवा फलंदाजाच्या अंगाला लागेपर्यंत, अथवा यष्टीच्या पुढे जाईपर्यंत, यष्टिरक्षकाने पूर्णपणे यष्टीच्या मागेच असले पाहिजे. अधीरपणाला तेथे जागा नाही.

आणि इतक्या कामाची नोंद काय होते? घेतलेले झेल आणि केलेले यष्टिचीत, एवढेच. सुटलेला झेल धावपत्रिकेत कोठेही लिहीत नाहीत, पण तो पाहणाऱ्यांच्या डोक्यात कायमचा लिहिला जातो. उलट, डाव्या यष्टीबाहेर भलतीकडे गेलेला चेंडू उडी घेऊन अडविला आणि संघाच्या चार धावा वाचविल्या, तर त्याचा हिशेब कोणत्याच रकान्यात येत नाही. वाहून गेलेल्या चेंडूंच्या धावा ‘बाय’ म्हणून लिहितात आणि त्या अर्थातच यष्टिरक्षकाच्या माथी. थोडक्यात, या वहीत खर्चाची बाजू तेवढी ठळक शाईने भरलेली असते.

नाना जोशी ज्या महाराष्ट्र संघाकडून खेळत, त्याची स्थितीही लक्षात घेतली पाहिजे. रणजी करंडकाच्या स्पर्धेत मुंबईचा संघ वेगळा आणि उर्वरित महाराष्ट्राचा वेगळा. पुणे, सोलापूर, कोल्हापूर, नाशिक या भागांतील खेळाडू महाराष्ट्राचे. प्रा. दि. ब. देवधरांच्या नेतृत्वाखाली या संघाने १९३९-४० आणि १९४०-४१ अशी लागोपाठ दोन वर्षे रणजी करंडक जिंकला होता. परंतु जोशींच्या वाट्याला आला तो उतरता काळ. पुढे सामने विभागवार साखळी पद्धतीने होऊ लागले, तेव्हा पश्चिम विभागात शेजारी मुंबई. आणि मुंबईने १९५८-५९ पासून पंधरा वर्षे तो करंडक दुसऱ्या कोणाच्या हाती लागू दिला नाही. विभागातून पुढे जाणारा संघ एकच. तेव्हा महाराष्ट्राच्या खेळाडूचा हंगाम बहुधा गुजरात, सौराष्ट्र, बडोदे आणि मुंबई यांच्याशी चार सामने खेळला की संपत असे. निवड समितीच्या नजरेत भरायचे तर या चार सामन्यांतच. फलंदाज एखादे द्विशतक ठोकून वर्तमानपत्रांत नाव आणू शकतो. यष्टिरक्षकाने दिवसभर एकही चूक केली नाही, तर त्याची बातमी होत नाही.

दिल्लीच्या त्या पहिल्या कसोटीत जोशींच्या समोरून गोलंदाजी करणाऱ्यांत महाराष्ट्राकडून खेळलेले एक लेगस्पिनर होते, सदाशिव शिंदे. इंग्लंडचा पहिला डाव २०३ धावांत आटोपला, त्यात शिंदे यांनी ९१ धावांत सहा बळी घेतले. विजय मर्चंट यांच्या १५४ आणि विजय हजारे यांच्या नाबाद १६४ धावांमुळे भारताने ६ बाद ४१८ वर डाव घोषित केला. विजय हाताशी आल्यासारखा वाटत असता वॉटकिन्स यांनी चिवटपणे नाबाद १३७ धावा काढून सामना अनिर्णित राखला. शिंदे पुढे चारच वर्षांनी, १९५५ साली, वयाच्या एकतिसाव्या वर्षी विषमज्वराने वारले. महाराष्ट्राच्या क्रिकेटचे ते मोठेच नुकसान. आणि लेगस्पिनरच्या हाताची ओळख पटलेल्या यष्टिरक्षकाचेही.

दिल्लीनंतरचा सामना मुंबईस झाला. यष्टीमागे उभे राहिले नाशिकचे माधव मंत्री. त्यापुढचा कलकत्त्यास, तेथे बंगालचे खोकन सेन. मालिकेतील शेवटचा सामना मद्रासला. भारताने कसोटीतला आपला पहिला विजय मिळविला तो हाच सामना, १० फेब्रुवारी १९५२ चा. विनू मंकड यांनी त्यात बारा बळी घेतले, आणि सेन यांनी पाच जणांना यष्टिचीत केले. एवढा पराक्रम केल्यावर सेन यांची जागा पक्की व्हावी असे कोणालाही वाटेल. तशी ती झाली नाही. त्याच वर्षाच्या अखेरीस पाकिस्तानचा संघ आला, तेव्हा दिल्लीस सेन, लखनौस जोशी, मुंबईस राजिंदरनाथ, मद्रासला इब्राहिम माका आणि कलकत्त्यास पुन्हा सेन असा क्रम लागला. पहिल्या चार सामन्यांत चार यष्टिरक्षक! यांतील राजिंदरनाथ यांची हकिकत तर अजबच. त्यांनी त्या एका सामन्यात चौघांना यष्टिचीत केले, फलंदाजीची पाळीच त्यांच्यावर आली नाही, आणि त्यानंतर ते पुन्हा कधी कसोटी खेळले नाहीत. चार यष्टिचीत, झेल शून्य, धावा नाहीत, सामना एक. ही ओळ वाचताना निवड समितीला नेमके काय हवे होते, हा प्रश्न मनात आल्याशिवाय राहत नाही.

लखनौचा सामना तागाच्या मॅटवर झाला. फजल महमूद यांनी त्यात बारा बळी घेऊन पाकिस्तानला पहिला कसोटी विजय मिळवून दिला. मॅटवर चेंडू झपाट्याने वळतो आणि चटकन उसळतो. महाराष्ट्रात जिल्ह्याच्या गावी क्रिकेट वाढले ते पुष्कळसे अशाच मॅटवर, कठीण मैदानावर. हिरवळीची खेळपट्टी सांभाळण्याची ऐपत थोड्याच क्लबांना होती. त्या दृष्टीने जोशींना लखनौ काही परके नव्हते. पण पराभव झाला की बदल हवा असतो, आणि बदल करायचा तर जेथे एकच माणूस उचलून दुसरा ठेवला की भागते, अशी जागा सोयीची वाटते.

येथे सोलापूरचे एक नाव आठवते, ते केवळ अभिमानाखातर नव्हे. पॉली उम्रीगर यांचा जन्म २८ मार्च १९२६ चा, सोलापूरचा; जोशींपेक्षा ते सात महिन्यांनी मोठे. १९५२ च्या इंग्लंडच्या दौऱ्यात ट्रूमन यांच्या भेदक गोलंदाजीपुढे उम्रीगर यांची इतकी त्रेधा उडाली की, कसोटीच्या सात डावांत मिळून त्यांच्या धावा झाल्या त्रेचाळीस. याहून वाईट दौरा चांगल्या फलंदाजाच्या वाट्याला क्वचितच येतो. तथापि निवड समितीने त्यांच्यावरचा विश्वास सोडला नाही. पुढच्याच हिवाळ्यात ते वेस्ट इंडीजला गेले आणि तेथे पाच कसोटींत ५६० धावा काढून, पोर्ट ऑफ स्पेन व किंग्स्टन येथे शतके झळकावून त्यांनी तो विश्वास फेडला. पुढे ते भारताचे कर्णधार झाले. एकोणसाठ कसोटींत बारा शतके त्यांच्या नावावर लागली. समितीने उम्रीगर यांच्या बाबतीत केले ते योग्यच केले. मुद्दा एवढाच की, फलंदाजाला सात डाव फसूनही आठवा मिळू शकतो, कारण संघात फलंदाजांच्या जागा सहा असतात. एकाचे अपयश पाचांच्या आड झाकते. यष्टिरक्षकाच्या मागे झाकायला सीमारेषेखेरीज काहीच नसते.

वेस्ट इंडीजच्या त्या १९५३ च्या दौऱ्यावर जोशीही होते, माकाही होते. जोशींच्या कारकिर्दीतला हा कदाचित सर्वांत कठीण आणि सर्वांत शिकविणारा काळ असावा. त्या मालिकेत सुभाष गुप्ते यांनी सत्तावीस बळी घेतले. गुप्ते यांचा लेगब्रेक आणि गुगली यांतला फरक भल्याभल्या फलंदाजांना कळत नसे. फलंदाजाला कळला नाही तर तो बाद होतो, आणि त्यात गोलंदाजाचे कौतुक होते. यष्टिरक्षकाला कळला नाही तर चार बाय जातात, आणि त्यात कोणाचेच कौतुक होत नाही. त्याने तो चेंडू गोलंदाजाच्या मनगटावरूनच ओळखला पाहिजे. त्रिनिदादची खेळपट्टी त्या काळी तागाच्या मॅटची होती, तेव्हा वळण आणि उसळी ही दोन्ही एकदम सांभाळायची. त्या दौऱ्यात माका यांच्या हाताला जबर दुखापत झाली आणि त्यांची कसोटी कारकीर्द दोन सामन्यांवर थांबली. या खेळात बोटे हेच भांडवल. आतले पातळ मोजे आणि वरचे चामड्याचे ग्लव्हज, एवढ्यावर सारी मदार. जुन्या यष्टिरक्षकांची वाकडी बोटे पाहिली म्हणजे ती मदार किती तोकडी होती ते समजते.

यानंतर क्षितिजावर आले मुंबईचे नरेन तामणे. १९५४-५५ मध्ये पाकिस्तानच्या दौऱ्यावर त्यांनी पदार्पणातच असे काम केले की, काही वर्षे तरी ‘पहिला यष्टिरक्षक कोण’ हा वाद मिटला. तामणे यांची कामाची पद्धत शांत. उड्या नाहीत, आरडाओरडा नाही. चेंडू हातात आला तो आवाज न करता. ते एकवीस कसोटी खेळले आणि त्यांत त्यांनी पस्तीस झेल व सोळा यष्टिचीत मिळविले. त्यांच्याशी तुलना केली तर जोशी यांचे बारा सामन्यांतले अठरा झेल आणि नऊ यष्टिचीत कमी ठरत नाहीत. तामणे यांना सामन्यागणिक अडीचाच्या जरा खाली बळी पडतात, जोशी यांना सव्वादोन. फरक आहे, पण एकाला राजमार्ग आणि दुसऱ्याला आडवाट मिळावी एवढा नाही. मधल्या काळात पेणचे चंदू पाटणकर हेही १९५५ साली न्यूझीलंडविरुद्ध कलकत्त्यास एक कसोटी खेळून गेले. नाशिक, पेण, मुंबई, पुणे: एका दशकात एकट्या मराठी मुलखाने यष्टीमागे उभे करता येतील असे चार जण दिले, आणि देशाला लागत होता एक.

१९५९ च्या इंग्लंडच्या दौऱ्यावर तामणे आणि जोशी दोघेही गेले, आणि दोघांनीही कसोटी सामने वाटून घेतले. तो दौरा भारताला पाच-शून्य असा पराभव देऊन गेला. त्यात कोणाची कीर्ती वाढण्यासारखे फारसे नव्हते. लगेच आलेल्या ऑस्ट्रेलियाविरुद्ध पहिल्या सामन्यात जोशी, आणि तिसऱ्यापासून एक नवाच तरुण, बुधी कुंदेरन, ज्याने तोवर रणजी करंडकाचा एकही सामना खेळलेला नव्हता. जोशींचे वय तेव्हा तेहतीस. यष्टिरक्षकाच्या गुडघ्यांना हे वय जाणवू लागते.

आणि तरी १९६० च्या डिसेंबरात पाकिस्तानविरुद्ध ब्रेबोर्न मैदानावर यष्टीमागे पुन्हा जोशी होते. पाकिस्तानने ३५० धावा केल्या. हनीफ महंमद १६०, सईद अहमद १२१. उत्तरादाखल भारताचे आठ गडी ३०० वर बाद झाले. पिछाडी ठरलेली. अशा वेळी जोशींच्या जोडीला आले रमाकांत देसाई, ठेंगण्या चणीचे द्रुतगती गोलंदाज. या दोघांकडून कोणाची काही अपेक्षा नव्हती. पण नववी जोडी फुटेना. ३५० मागे पडले, ४०० मागे पडले. देसाई ८५ वर बाद झाले तेव्हा धावफलकावर ४४९ होते, आणि तेथेच डाव घोषित झाला. जोशी नाबाद ५२. दोघांनी मिळून १४९ धावांची भर घातली. नवव्या जोडीचा भारतीय विक्रम म्हणून ती भागीदारी पुढे अनेक दशके टिकून राहिली. सामना अनिर्णित राहिला, जसे त्या मालिकेतले पाचही सामने राहिले.

जोशींच्या कसोटीतल्या सगळ्या धावा २०७. त्यांतल्या ५२ या एका डावात. बाकीच्या साऱ्या डावांत मिळून १५५. सरासरी ११ च्याही आत. म्हणजे ज्या कामासाठी त्यांना संघात घेतले नव्हते, त्या कामात त्यांनी शेवटच्या सामन्यात सर्वांत मोठा पराक्रम केला. कारण तो त्यांचा शेवटचाच सामना ठरला. पुढच्या कसोटीसाठी यष्टिरक्षक बदलला. मालिका संपेपर्यंत तामणे आणि कुंदेरन या दोघांनी ते काम पाहिले.

इंग्लंडच्या फुटबॉलमध्ये याच्याशी जुळणारी एक हकिकत आहे. तेथे व्यावसायिक लीगचे चार विभाग. त्यांपैकी खालच्या विभागांतले गोलरक्षक म्हणजे आज या क्लबकडे, उद्या त्या क्लबकडे उसने दिले जाणारे कामकरी. जिमी ग्लास हा त्यांतलाच एक. १९९९ च्या उन्हाळ्याच्या तोंडाशी कार्लाईल युनायटेड या क्लबपाशी गोलरक्षकच उरला नाही, तेव्हा स्विंडन टाउनकडून त्याला तात्पुरता मागून घेतला. तो कार्लाईलकडून सामने खेळला अवघे तीन. ८ मे रोजी हंगामाचा शेवटचा सामना, प्लिमथविरुद्ध, बरोबरीत चाललेला. जिंकला नाही तर क्लब लीगमधून बाहेर फेकला जाणार. वेळ संपून पंचांनी वाढवून दिलेली मिनिटेही सरत आली असता कॉर्नर मिळाला. ग्लास स्वतःचे गोल मोकळे टाकून मैदानभर धावत पुढे आला, परतलेला चेंडू त्याच्या पायाशी पडला आणि त्याने तो जाळ्यात मारला. क्लब वाचला. पुढे तो आणखी काही क्लबांकडे फिरला, आणि फुटबॉल सुटल्यावर टॅक्सी चालवू लागला. त्याने आयुष्यभर किती गोल अडविले हे आज कोणी विचारीत नाही; मारलेला एक सगळ्यांना ठाऊक आहे.

दोन्ही गोष्टींत फरक आहे, तो पोटाचा. इंग्लंडचा फुटबॉलपटू, अगदी खालच्या विभागातला असला तरी, आठवड्याचा पगार घेऊन खेळे. १९६१ च्या जानेवारीपर्यंत त्या पगारावर वीस पौंडांची मर्यादा होती, पण तो पगार होता. आपल्याकडे रणजी खेळाडूला सामन्यावर चूल पेटविता येत नसे. नोकरी सांभाळून, रजा काढून खेळायचे. तेव्हा संघाबाहेर काढले जाणे याचा अर्थ अन्न तुटणे असा नव्हता. त्यामुळेच कदाचित, एकदा वगळलेला माणूस दुसऱ्या वर्षी पुन्हा मॅटवर जाऊन बसू शकत असे. जोशी नऊ वर्षांत कितीदा आत आणि कितीदा बाहेर गेले, हे पाहिले म्हणजे या बसण्या-उठण्याची किंमत कळते.

त्यानंतर या जागेचा अर्थच पालटू लागला. कुंदेरन यांनी १९६४ च्या जानेवारीत मद्रासला इंग्लंडविरुद्ध १९२ धावा काढल्या. फारुख इंजिनियर यांची बॅटही तितकीच तडफदार. यष्टिरक्षकाने आधी झेल घ्यावेत आणि मग धावा काढाव्यात, हा जुना क्रम हळूहळू उलटला. तामणे यांची फलंदाजीची सरासरी जोशींसारखीच दहा-अकराच्या घरात होती. आजच्या निवड समितीपुढे हे दोघे उभे राहिले असते तर दोघांनाही पहिल्या चाळणीतच बाजूला ठेवले असते, मग त्यांचे हात कितीही स्वच्छ असोत. गुप्ते यांच्या गुगलीमागे धावा काढणारा यष्टिरक्षक कसा उभा राहिला असता, हे अर्थातच पाहायला मिळणार नाही.

जोशी महाराष्ट्राकडून पुढेही काही हंगाम खेळत राहिले. ८ जानेवारी १९८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.